बाबांची झेंडी

आमच्या घरात पोहण्याला कोणी काही समजत नसे, आणि मी घरातल्या कोणालाच काही समजत नसे. यातली दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं मी माझ्या सोयीने सांगेन. नागपुरात, इतवारीत, भांड्यांच्या एका दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. आई, बाबा आणि मी. खाली सकाळपासून पितळेच्या पराती आणि गंज, म्हणजे उभी पातेली, एकमेकांवर आदळत. गिऱ्हाइकाला तडा नसल्याची खात्री पटावी म्हणून दुकानदार प्रत्येक गंजावर बोटाचं पेर मारून दाखवी, आणि तो आवाज फरशीतून वर माझ्या अभ्यासाच्या वहीपर्यंत येई. गल्लीत हातगाडीवाले आणि टेम्पोवाले एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. या सगळ्यावर आवाज चढवून बोलण्याची आईला इतकी सवय झाली होती की ती माहेरी गेली तरी तशीच बोले, आणि तिथल्या बायकांना वाटे, ही नवऱ्याशी भांडून आलेली दिसते. एवढ्या कल्लोळात हळू बोलणारा माणूस एकच होता. मला तोच सहन व्हायचा नाही.

बाबा सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते. त्यांच्याजवळ शब्द एकच होता, हाव, म्हणजे आमच्याकडचं हो. घरमालक म्हणाला, नळ सकाळी सहापर्यंतच सोडणार. बाबा म्हणाले, हाव जी. कोणी लांबचा नातेवाईक दात काढून घ्यायला नागपुरात आला आणि तीन आठवडे राहतो म्हणाला. हाव, राहा ना. भाजीवालीने किडकी वांगी पिशवीत टाकली तर तीही मुकाट्याने घरी आली, आणि किडकं तेवढं कापून टाक म्हणून आईला सांगण्यात आलं. जिना उतरताना ते दुकानदाराला नमस्कार करत, दुकानदाराच्या नोकराला करत, आणि तिथे कोणी गिऱ्हाईक बसलेलं असेल तर त्यालाही करत. आमच्या दाराची चौकट चांगली उंच होती, तरी त्यातून येताना बाबा मान खाली घालत. मी खिडकीतून हे बघायची आणि मनात म्हणायची, माणसाला पाठीचा कणा असतो हे यांना कोणी शाळेत शिकवलेलं दिसत नाही. बारा वर्षांच्या पोरीने बापाबद्दल असं म्हणावं हे वाईट, हे आता मला कळतं. तेव्हा मला तो माझ्या हुशारीचा पुरावा वाटायचा.

पोहायला मी शिकले ती काटोलकडे, मामाच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत. दगडाने बांधलेली रुंद विहीर होती, एका बाजूला पायऱ्या. मामाने सुकलेला भोपळा माझ्या पाठीला बांधला आणि ढकलून दिलं, एवढंच त्याचं शिकवणं. पण ढकलण्याआधी त्याने एक नियम मात्र सांगितला होता. विहिरीच्या दगडांच्या सांदीत दिवड असत. पाण्यातला हा साप विषारी नसतो, असं मोठी माणसं सांगत. पण बोटाला तोंड लावल्यावर ते सांगणं काय कामाचं. म्हणून मामा म्हणाला, ‘पायऱ्या सोडून कुठंच भिंतीले हात लावाचा नाही. जो लावन तो बाद.’ आम्ही पोरांनी त्याचीच शर्यत केली होती. या काठाकडून सुटायचं, त्या काठापाशी भिंत हातभर राहिली की कमरेतून मुरडून पाण्यातल्या पाण्यात फिरायचं आणि पाय झाडून परत यायचं. भिंतीच्या जितकं जवळ जाऊन न शिवता फिराल तितकी वाहवा. त्या विहिरीत शिकलेलं पोर भिंतीला हात लावत नसे, झोपेतही लावलं नसतं. त्या फिरण्यात माझ्याइतकं चपळ कोणी नव्हतं, आणि जे नव्हते त्यांना मी ते रोज ऐकवत असे.

मग एका उन्हाळ्यात वासरू विहिरीत पडलं. मामाने वर लोखंडी जाळी टाकली, कुलूप लावलं, आणि पाणी उपसायला मोटार बसवली. त्या सुट्टीत मी रोज दुपारी त्या जाळीवर पालथी पडून खाली बघत बसायची. लोखंड तापलेलं असायचं, पोटावर चौकटी उमटायच्या. खाली पाणी तसंच होतं. मला आयुष्यात नंतर बऱ्याच गोष्टी हव्याशा वाटल्या, काही मिळाल्याही; पण त्या पाण्याइतकं दुसरं काही हवंसं वाटलेलं मला आठवत नाही. नागपुरात परत आले की बादलीत तोंड बुडवून श्वास किती वेळ धरता येतो ते बघायची. आई बाहेरून ओरडायची, ‘पाणी काहून सांडून राहिली वं, नळ गेला ना.’

आमच्या शाळेच्या पी. टी.च्या बाईंना खेळातलं शिट्टी वाजवणं तेवढं येत होतं, आणि तेही त्या उन्हात उभ्या असतील तर नाही. त्यांनी एक दिवस वर्गात येऊन विचारलं, कोणाला पोहता येतं. मुलींच्या आंतरशालेय स्पर्धा होत्या, सिव्हिल लाइन्समधल्या टँकवर, आणि शाळेकडून कोणीतरी गेलं पाहिजे असा वरून आदेश होता. मी हात वर केला. एकटीनेच केला. बाईंनी कागदावर माझं नाव लिहिलं आणि जाता जाता सांगितलं की प्रत्येक शर्यतीत पहिल्या येणारीला कपाबरोबर टँकचा वर्षभराचा पास मिळणार आहे. तो टँक फक्त मेंबर लोकांसाठी होता. मेंबर म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. आपण नाही, एवढं इतवारीत राहून कळत होतं. कप आणि टाळ्या ज्यांना हव्या त्यांनी घ्याव्यात. मला पास हवा होता. त्या दिवसापासून मी दुसरं काही बोलेनाशी झाले. बाबांनी फॉर्मवर सही केली. ते कशावरही करत.

आईचं म्हणणं वेगळं होतं. एवढ्या लोकांत चड्डीवर उभी राहशील का, असं तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. पण मग एका दुपारी तिनेच परकराचं उरलेलं काळं साटीन काढलं, माझ्या अंगाला लावून बघितलं, आणि दोन रात्री मशीनवर बसून त्याचा पोहण्याचा पोशाख शिवला. त्याला बाह्या होत्या. गळ्याला तिने बारीक झालरही लावली होती, पोरगी चारचौघांत जाणार म्हणून. पाण्यात शिरलं की साटिनात हवा भरायची आणि पाठीवर फुगा यायचा. मी तिला तोंडावर सांगितलं की हे कपडे घालून मी बुडून मेले तर बरं. तिने झालर उसवली आणि मशीन बंद केली.

टँकवर आम्हाला सरावाला दोन सकाळी मिळाल्या. बाबा सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. तिथे गेल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल तर नाक मुरडलं. पाणी निळं होतं, कारण खालच्या फरश्या निळ्या होत्या, आणि त्याला दवाखान्याचा वास येत होता. छत्र्यांखाली वेताच्या खुर्च्यांवर मेंबर बायका थर्मासमधून चहा पीत बसलेल्या असत. त्यांच्या मुली डोक्याला रबराच्या पांढऱ्या टोप्या घालून शिडीवरून एक एक पाऊल खाली उतरत आणि पाणी गार आहे म्हणून आयांकडे तक्रार करत. पाण्यात उतरायला शिडी लागते, हेच मला हास्यास्पद वाटलं. मी काठावरून सूर मारला तेव्हा एका बाईच्या चहात पाणी उडालं असावं, कारण ती ‘कुठल्या शाळेची आहे ही’ असं म्हणाली. मला फार बरं वाटलं.

आजही मी टँकवर जाते, आता नातीला घेऊन. खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या आहेत, थर्मासच्या जागी स्टीलच्या बाटल्या आल्या आहेत, आणि पोरगी पाण्यात पडायच्या आत तिचा बाप मोबाइल उंच धरून काठावर धावत असतो. शर्यत संपली की तो आधी मोबाइलमध्ये बघतो आणि मग पोरीकडे. त्या बापांना बघून माझ्या तोंडाला अजून तीच तुच्छतेची चव येते. साठी उलटली म्हणून स्वभाव बदलतो असं ज्यांनी कोणी सांगितलं असेल त्यांनी मला पाहिलेलं नाही.

सरावाच्या दिवशी बाईंनी छत्रीखालूनच नियम सांगितला. दोन फेऱ्यांची शर्यत, एक जायची, एक यायची. समोरच्या टोकाला जाऊन भिंतीला हात लावायचा आणि मग वळायचं. हात लागला नाही तर बाद. मी तो नीट ऐकला. हे मुद्दाम लिहिते आहे. मला नियम माहीत नव्हता, असं मी नंतर स्वतःला बरीच वर्षं सांगून बघितलं, पण ते खरं नाही. दोन्ही दिवस मी त्या टोकाला जाऊन हात लावला. गुळगुळीत, बुळबुळीत फरशी होती. लावताना दर वेळी हात आपोआप आखडायचा आणि मी तो जबरदस्तीने पुढे करायची. त्यात वेळ जायचा, आणि पांढऱ्या टोपीवाल्यांपैकी एक उंच मुलगी माझ्या पुढे निघून जायची. ती भिंतीला हात लावून, पाय टेकून, धक्का घेऊन निघे. चांगली पोहायची ती. हे मी आज पहिल्यांदा मान्य करते आहे.

स्पर्धेच्या सकाळी आईने गोळाभात केला. ताकद कशानं येईन, असं म्हणत तिने डाळीचे गोळे भातावर कुस्करले, वरून मोहरीची फोडणी ओतली आणि समोर बसून दोन वेळा वाढला. पोहायच्या आधी पोट भरून जेवू नये, हे आमच्याकडे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. बाबांनी रजा टाकली होती. लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून ते सायकलपाशी उभे होते. टँकच्या फाटकावर त्यांनी चौकीदाराला नमस्कार केला. चौकीदार स्टुलावरून उठलासुद्धा नाही. मी कॅरिअरवरून उतरून दोन पावलं मागे राहिले, आम्ही बरोबर आहोत असं दिसू नये म्हणून.

मुख्य पंच म्हणून जो गृहस्थ होता तो बाबांच्याच कार्यालयातला एक साहेब निघाला. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, हातात चहाचा कप. वयाने बाबांपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. त्याने बाबांना ओळखलं आणि ‘अरे, तू इथे कसा रे?’ म्हणून हाक मारली. बाबा जवळजवळ धावतच गेले. समोरच्या टोकाला जे मास्तर उभे राहणार होते ते आले नव्हते, साहेब वैतागला होता. त्याने बाबांच्या हातात एक लाल झेंडी दिली आणि सांगितलं, त्या टोकाला उभा राहा, कोणाचा हात भिंतीला लागला नाही तर ही वर कर, जमेल ना. बाबा म्हणाले, ‘हाव साहेब.’ याची मुलगी शर्यतीत आहे का, हे कोणी विचारलं नाही. आणि मला नका ठेवू, माझी पोरगी आहे, असं साहेबाला सांगणं बाबांच्या कुंडलीतच नव्हतं. ते झेंडी छातीशी धरून टँकच्या कडेकडेने चालत गेले आणि त्या टोकाला ताठ उभे राहिले. बायका हसत होत्या. मला वाटलं, पाण्यात उडी मारावी आणि वरच येऊ नये.

आम्ही पाच जणी होतो. मला तीन नंबरची लेन मिळाली, उंच मुलगी चार नंबरला. शिट्टी झाली आणि मी सूर मारला. जाताना पोटातला गोळाभात जड लागत होता, साटीन फुगलं होतं. उंच मुलगी अर्ध्या अंगाने पुढे होती. मी मान पाण्याबाहेर ठेवून पोहायची, विहिरीतल्यासारखी, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. ती भिंत जवळ आली, तिच्यावर उभे असलेले बाबांचे काळे बूट दिसले, झेंडीची काठी दिसली. आणि भिंत हातभर राहिली तशी मी कमरेतून मुरडले आणि फिरले. विचार केला नाही. अंगाला जे येत होतं ते अंगाने केलं. पाय झाडले तेव्हा मला कळलं की हात लागलेला नाही. त्याच क्षणी कळलं. हेही कळलं की उंच मुलगी आता माझ्या मागे आहे. परत फिरून हात लावता आला असता. तसं करायला नियमात मनाई नव्हती. मी तशीच पुढे गेले.

नेमक्या त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकात आली होती. ते तासभर उशिरा आले होते, आणि त्यांना लगेच दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. साहेब, आमच्या बाई, खुर्च्यांवरच्या बायका, सगळे तिकडे वळले. मी काठाला हात लावला तेव्हा उंच मुलगी माझ्यापेक्षा हातभरच मागे होती. बाई तेवढ्यात पाण्याकडे वळल्या, त्यांनी शिट्टी वाजवली आणि माझा नंबर ओरडून सांगितला. मी वर आले, तोंडावरचं पाणी पुसलं आणि पलीकडे बघितलं. त्या टोकाला बाबा झेंडी वर धरून उभे होते. किती वेळ धरली होती कोणास ठाऊक. कोणी बघत नव्हतं, म्हणून त्यांनी हात आणखी उंच केला होता.

शेवटी कोणीतरी साहेबाला दाखवलं. त्याने लांबूनच विचारलं, कोण बाद.

‘तीन नंबर, साहेब.’

‘तीन नंबर कोणती?’

बाबांनी झेंडी खाली केली. मग म्हणाले, ‘माही पोरगी हाये, साहेब.’

लोक हसले. प्रमुख पाहुणेही हसले, काय चाललं आहे हे न कळता. साहेबाने आम्हा दोघांना जवळ बोलावलं. मी ओलीचिंब, बाबा झेंडी घेऊन. साहेबाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, बेटा, हात लावला होतास का. मी म्हटलं, लावला होता. तुझे वडील तर नाही म्हणतात, असं तो म्हणाला. मी बाबांकडे बघितलं. आयुष्यभर नोकराचाकरांनाही हाव म्हणणाऱ्या या माणसाला नाही म्हणायला साऱ्या नागपुरात मीच सापडले होते. मला इतका राग आला होता की खोटं बोलायला काही कष्टच पडले नाहीत.

‘त्यांना यातलं काही कळत नाही,’ मी म्हणाले. ‘त्यांना पोहतासुद्धा येत नाही.’

‘हात नाही लागला, साहेब,’ बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. ‘मी पाहूनच राहिलो होतो.’

साहेबाने आमच्या बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, आमच्या शाळेची मुलगी खोटं बोलणार नाही. उंच मुलीची आई काहीतरी बोलायला उठली होती, पण पाहुण्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि साहेबाने सगळ्यांना हाताने थांबवलं. मग त्याने बाबांच्या हातातून झेंडी काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ऑफिसात फायली पण अशाच बघतोस का रे?’ पुन्हा हशा झाला. मीही हसले. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते फाटकाबाहेर सायकलपाशी जाऊन उभे राहिले, आणि मी पाहुण्यांच्या हातून कप घेतला, पासाचा पिवळा कागद घेतला.

घरी येताना मी कॅरिअरवर होते. ते रेल्वेपुलाच्या चढावर उतरून सायकल ढकलू लागले तेव्हा म्हणाले, ‘थंडी वाजून राहिली का तुले?’ मी मान फिरवली. माझी खात्री होती की घरी गेल्यावर ते आईला सांगणार, आणि आई गल्लीला सांगणार. जिन्यातूनच आईने ओरडून विचारलं, काय झालं. बाबा म्हणाले, पहिली आली. तेवढंच. आईने पेढे आणायला पाठवलं, तर खाली दुकानदाराला, नोकराला, दोन हातगाडीवाल्यांना, सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने पेढे दिले आणि प्रत्येकाला सांगितलं, पोरगी पहिली आली. मी खिडकीतून बघत होते. मला दया आली नाही, लाजही वाटली नाही. मला किळस आली. मला वाटलं, बघा, तासभर ताठ राहिले आणि परत वाकले.

त्या पासावर मी वर्षभर पोहले. पुढच्या वर्षी पुन्हा पहिली आले, त्याच्या पुढच्या वर्षीही. दोन्ही वेळा भिंतीला इतक्या जोरात हात लावला की पंजा दुखला. ते कप खरे आहेत. बाबा रोज पहाटे मला सायकलवर नेत, फाटकापाशी सोडत आणि बाहेर कडुनिंबाखाली उभे राहत. आत ते पुन्हा कधी आले नाहीत. माझे बाबा लाजाळू आहेत, असं मी मैत्रिणींना सांगायची. साहेबाने तो किस्सा कार्यालयात सांगितला होता. एका लग्नात बाबांच्या कार्यालयातले लोक त्यांना ‘झेंडीवाले’ म्हणून हाक मारताना मी ऐकलं, ‘काय झेंडीवाले, आज कोणाले बाद केलं?’ बाबा हसले. मीही त्या लोकांबरोबर हसले, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्याने. तशी हसणाऱ्या त्या पोरीला, तेव्हाच्या मला, मी अधूनमधून आठवून बघते. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना तुच्छ लेखलं, पण तिच्याइतकं कोणी त्याला लायक नव्हतं.

हे बोलून टाकायला मला तीस वर्षं लागली. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. हिवाळ्याची दुपार होती, ते गच्चीत चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी कित्येक दिवस वाक्य तयार करून ठेवलं होतं. बसले आणि म्हटलं, ‘बाबा, त्या दिवशी टँकवर माझा हात लागला नव्हता.’

त्यांना आठवायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं, झेंडी, साहेब, मी काय बोलले ते. ते ऐकत होते आणि शेंगा सोलत होते.

‘लागला असंन वं,’ ते म्हणाले. ‘मलेच दिसलं नसंन.’

‘नव्हता लागला. मी खोटं बोलले होते.’

त्यांनी दाणे वाटीत टाकले. ‘जाऊ दे ना. साहेबानं पाहिलं असंन.’

मी त्यांना सांगत राहिले की साहेब तेव्हा हातात हार घेऊन फाटकाकडे तोंड करून उभा होता, त्याने काहीही पाहिलं नव्हतं. ते मान हलवत होते, पण ती मला बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी पाण्याकडे बघणारा तिथे एकच माणूस होता, आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं त्यावर त्याचा विश्वास मी उरू दिला नव्हता.